आईच्या रक्ताचा जमाखर्च

यंदा गड्ड्याची यात्रा आटोपली आणि दोनच दिवसांनीं आमची पुतणी पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं, सोलापुरास आली. डोहाळजेवण सासरीं सांगलीस थाटानें झालें होतें. ओटीचे नारळ, हिरवा चुडा आणि कागदांनीं फुगलेली एक फाईल असा सरंजाम तिच्याबरोबर होता. नारळ मातोश्रींनीं देवघरांत ठेवले. फाईल आमच्या स्वाधीन झाली, कारण घरांत आलेले इंग्रजी कागद वाचून त्यांचा अर्थ सांगण्याचें काम परंपरेनें आमच्याकडे आहे. चाळून पाहिलें तों तीन पानें नुसत्या रक्ताच्या तपासण्यांचीं! मातोश्री आतां पंचाऐंशींच्या घरांत आहेत. त्यांचीं सहा बाळंतपणें झालीं आणि त्या सहांत मिळून त्यांचें रक्त एकदांही कोणीं काढून पाहिलें नाहीं. "आमच्या वेळीं पोटाला हात लावून सांगत, आतां कागदाला हात लावून सांगतात," असा अभिप्राय त्यांनीं दिला आणि त्या वाती वळावयास बसल्या.

हा अभिप्राय आम्हीं त्या वेळीं हंसण्यावारी नेला. परंतु एवढें रक्त काढून त्यांत पाहतात तरी काय, आणि त्याचा पोटांतील जिवाशीं संबंध कोणता, हा प्रश्न वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं निघत असेल. शिवाय पुढें आमच्याच घरांत त्याला असें वळण लागलें कीं, त्याविषयीं चार शब्द लिहिल्यावांचून राहवेना.

प्रथम त्या तीन पानांविषयीं थोडक्यांत. हिमोग्लोबिन सर्वांच्या परिचयाचें आहे. गर्भवतीचें हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खालीं गेलें कीं जागतिक आरोग्य संघटनेच्या मापानें तो पंडुरोग ठरतो. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत भारतांतील शेंकडा ५२ गर्भवती या रेषेखालीं आढळल्या. आईचा रक्तगट आर-एच निगेटिव्ह आणि बापाचा पॉझिटिव्ह असेल तर पुढच्या अपत्याला धोका पोहोंचूं नये म्हणून वेळेवर एक इंजेक्शन द्यावें लागतें. थायरॉईडची तपासणी आरंभींच करतात, कारण पहिले तीन महिने गर्भाची स्वतःची ग्रंथि काम करीत नसते आणि त्याच्या मेंदूला लागणारी रसद आईच्या रक्तांतूनच जाते. साखरेसाठीं ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनीं रक्त घेतात. तो आकडा १४० किंवा अधिक आला तर गरोदरपणींचा मधुमेह समजून पथ्य सुरू होतें.

अकराव्या ते तेराव्या आठवड्यांतील 'डबल मार्कर' नांवाची तपासणी मात्र घरोघरीं भीति उत्पन्न करते. तींत आईच्या रक्तांतील दोन द्रव्यें मोजतात आणि आईचें वय व सोनोग्राफींतील मापें यांच्याशीं मेळ घालून गर्भांत डाउन सिंड्रोमसारखा दोष असण्याचा संभव किती, हें काढतात. संभव, निदान नव्हे. अडीचशेंत एक असा संभव निघाला तर तशा अडीचशें गर्भांपैकीं दोनशें एकोणपन्नास निर्दोष असतात, हें शाळेंतलें त्रैराशिक आहे. पण आमच्या परिचयाच्या एका घरांत याच आकड्यापायीं पंधरा दिवस कोणास अन्न गोड लागलें नाहीं, आणि पुढची निश्चित तपासणी निर्दोष आली. १९९७ सालीं डेनिस लो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आईच्या रक्तद्रवांत गर्भाचा डीएनए फिरत असतो हें दाखविलें. तेव्हांपासून अशा तपासण्या अधिक अचूक झाल्या आहेत. त्यांनीं तो ओळखला तो मुलग्याच्या गुणसूत्राच्या खुणेवरून. तेव्हां या रक्तांतून मुलगा कीं मुलगी हेंही कळूं शकतें, आणि तें सांगणें वा विचारणें हा गुन्हा आहे. असा कायदा देशांत सर्वांआधीं, १९८८ सालीं, महाराष्ट्रानें केला आणि मग १९९४ सालीं केंद्रानें. सर्वांआधीं करावा लागला यांत भूषण किती आणि लाज किती, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

असो. पुतणीला घेऊन आम्ही येथील डॉक्टरीणबाईंकडे गेलों. त्यांनीं फाईल पुढून मागून चाळली आणि विचारलें, "बी-१२ कोठें आहे?" तें कोठेंच नव्हतें. चार महिने लोहाच्या व फोलिक ॲसिडच्या गोळ्या चालू असतां हिमोग्लोबिन ९.४ वर कां अडलें, हा त्यांचा दुसरा प्रश्न. गोळी कशाबरोबर घेतेस, असें विचारतां पुतणी म्हणाली, "सकाळच्या चहाबरोबर." चहा लोहाला आंतड्यांत शोषूं देत नाहीं, हें आम्हां सुशिक्षितांच्या घरांत कोणासच ठाऊक नसावें याचा आम्हांला संकोच वाटला. परंतु एवढ्यानें उलगडा होत नव्हता. लोहाच्या उणिवेनें रक्तांतील तांबड्या पेशी लहान होतात. पुतणीच्या रक्तांत कांहीं लहान, तर कांहीं फुगलेल्या होत्या. दोन दिवसांनीं बी-१२ चा आकडा आला : ११८. कागदावर छापलेली खालची मर्यादा याहून बरीच वर होती.

येथें डॉक्टरीणबाईंनीं जी एक गोष्ट सांगितली ती लक्षांत ठेवण्याजोगी आहे. गरोदरपणीं रक्तांतील पाण्याचा अंश पुष्कळ वाढतो आणि त्यामुळें व इतर कारणांनीं अनेक आकडे आपोआप उतरतात. बी-१२ ही उतरतें. अहवालाच्या उजव्या अंगास ज्या मर्यादा छापलेल्या असतात त्या बहुधा सर्वसाधारण माणसाच्या असतात, गर्भवतीच्या नव्हेत. म्हणून एक आकडा पाहून घाबरूं नये आणि निश्चिंतही होऊं नये. खरी उणीव आहे कीं नुसता उतार आहे हें ठरविण्यासाठीं त्यांनीं होमोसिस्टीन नांवाचें आणखी एक द्रव्य मोजावयास सांगितलें. गरोदरपणीं तें एरव्हींपेक्षां कमी असावयास पाहिजे. पुतणीचें चांगलेंच वाढलेलें निघालें. उणीव खरी होती.

होमोसिस्टीन हें आपल्या शरीरांत सतत तयार होणारें द्रव्य आहे. त्याचें पुन्हा मेथिओनीन नांवाच्या उपयुक्त द्रव्यांत रूपांतर व्हावें लागतें, आणि या मेथिओनीनपासून पेशींना मेथिल नांवाचे जे कण मिळतात त्यांच्या साह्यानें कोणतें जनुक केव्हां जागें ठेवावें व केव्हां निजवावें याच्या खुणा होतात. गर्भ घडत असतांना या खुणांना केवढें महत्त्व असेल हें सांगावयास नको. या रूपांतराला दोन जीवनसत्त्वें लागतात. फोलेट मेथिल आणून देतें आणि बी-१२ तो होमोसिस्टीनच्या हवालीं करतें. बी-१२ नसेल तर आलेलें फोलेट अडकून पडतें. घरांत ज्वारीचें पीठ भरपूर आहे पण भाकरी थापणारे हात नाहींत, तशी गत होते. शिवाय मज्जातंतूंवर जें वेष्टण असतें तें नीट राहण्यासही बी-१२ लागतें.

या दोन जीवनसत्त्वांपैकीं पहिल्याचा माग प्रथम लागला तो आपल्याच मुंबई इलाख्यांत, हें फार थोड्यांना माहीत आहे. १९२८ सालीं लुसी विल्स नांवाच्या इंग्रज स्त्री-डॉक्टर मुंबईस आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या व चाळींत राहणाऱ्या गरीब गर्भवतींना एक विलक्षण पंडुरोग होई. रक्तपेशी मोठ्या व थोड्या होत आणि पुष्कळ जणी दगावत. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्यें काम करतांना विल्सबाईंनीं या बायकांचा आहार तपासला, माकडांवर प्रयोग केले, आणि यीस्टचा अर्क, बाजारांत 'मार्माइट' नांवानें मिळणारा, दिला असतां हा रोग हटतो असें १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्या अर्कांत काय आहे हें तेव्हां कोणासच कळलें नव्हतें. १९४१ सालीं अमेरिकेंत पालकाच्या पाल्यापासून तेंच द्रव्य वेगळें काढलें गेलें, आणि लॅटिन भाषेंत पानाला जो शब्द आहे त्यावरून त्याला फोलिक ॲसिड हें नांव मिळालें. पुढें तें प्रयोगशाळेंत तयार झालें त्या कामाचे धुरीण भीमावरमचे यल्लाप्रगड सुब्बाराव होते. आमच्या सोलापुरांत जुनी मिल १८७७ सालीं सुरू झाली. येथील मागांवर व विडीच्या सुपांपुढें किती पिढ्यांच्या गर्भवती बसल्या याची गणती नाहीं. त्यांचें रक्त तपासावयास कोणी विल्सबाई आल्या नाहींत. परळच्या बायकांच्या रक्तांतून जें निघालें तें मात्र आज सर्वांच्या गोळींत आहे.

बी-१२ ची कथा निराळी आहे. १९२६ सालीं मायनट व मर्फी या अमेरिकन डॉक्टरांनीं एका घातक पंडुरोगावर रोग्यांना जनावराचें यकृत खावयास घालून गुण आणला आणि पुढें यकृताच्या अर्काचीं इंजेक्शनें निघालीं. त्या यकृतांतलें सार, लाल स्फटिकांच्या रूपानें, १९४८ सालीं हातीं आलें; तेंच बी-१२. आमच्या मातोश्रींना हें ऐकून आठवलें कीं, त्यांच्या सासूबाईंना अशीं इंजेक्शनें देत आणि तीं कशाचीं आहेत हें सासूबाईंना मरेपर्यंत कोणी कळूं दिलें नाहीं. म्हणून पुतणीला इंजेक्शन लिहून दिल्याचें कळतांच त्यांनीं डॉक्टरीणबाईंना पहिला प्रश्न केला, "अहो, हें त्यांतलेंच कां?" हल्लींचें बी-१२ मोठ्या टाक्यांतून जिवाणू वाढवून काढतात, यकृताशीं त्याचा संबंध नाहीं, असें ऐकल्यावर त्यांचें समाधान झालें. गोळी घेणाऱ्यांनीं मात्र वरचें आवरण जिलेटिनचें आहे काय एवढें पाहावें, म्हणजे शाकाहाराचा प्रश्न उरत नाहीं.

आतां मुख्य गोष्टीकडे वळतों. आईच्या रक्तांतील या आकड्यांचा मुलाच्या वाढीवर काय परिणाम होतो याचा एक दीर्घ शोध महाराष्ट्रांतच चालला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनीं इंग्लंडांतील साउथॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर व कॅरोलिन फॉल यांच्या सहकार्यानें १९९३ सालीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांत हें काम आरंभिलें. लग्न झालेल्या बायकांची नोंद आधींच ठेवली, आणि त्यांपैकीं सुमारे ८०० जणींचें गरोदरपण बारकाईनें टिपलें. त्या काय खातात, किती कष्ट करतात हें विचारलें. १८ व्या आणि २८ व्या आठवड्यांत रक्त घेतलें. मूल जन्मल्यावर त्याचें वजन, उंची, डोकें, दंड, पाठीवरच्या कातडीची जाडीसुद्धां मोजली. मुलांचें सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास भरलें. साउथॅम्प्टनच्या मुलांचें साडेतीन. परंतु आमच्या मुलांत उणें होतें तें स्नायूंत व पोटाच्या घेरांत. कातडीखालची चरबी त्या मानानें फारशी कमी नव्हती. दिसावयास बारीक पण आंतून चरबीचें, असें हें आपलें बाळ! पुणें आणि लंडन येथील बालकांच्या नाळेच्या रक्ताची तुलना करून याच मंडळींनीं २००२ सालीं दाखविलें कीं, वजन कमी असूनही आपल्या बालकांच्या रक्तांत इन्सुलिन अधिक असतें. पन्नाशींत येणाऱ्या मधुमेहाचें बीज पाळण्यांतच दिसूं लागतें, असा याचा इशारा आहे.

आईच्या खाण्याविषयीं या अभ्यासांत जें आढळलें तें गृहिणींनीं मुद्दाम वाचावें. आईनें एकंदर किती अन्न खाल्लें याचा बाळाच्या वजनाशीं ठळक संबंध दिसला नाहीं. पालेभाजी, फळें आणि दूध ज्यांच्या खाण्यांत वारंवार होतीं त्यांचीं मुलें जन्मतः मोठीं निघालीं. 'दोन जिवांची आहेस, दोघांचें जेव' हा आपला उपदेश बदलून 'दोघांचें नीट जेव' असा केला पाहिजे.

आणि मग रक्ताचा निकाल. सुमारे दोन तृतीयांश आयांत बी-१२ उणें होतें. फोलेटची उणीव मात्र जवळजवळ कोणासच नव्हती. पालेभाज्या व सरकारी गोळ्या यांमुळें तें पुरेसें होतें. हीं मुलें सहा वर्षांचीं झालीं तेव्हां त्यांचें रक्त तपासलें. ज्यांच्या आईंत गरोदरपणीं फोलेट भरपूर पण बी-१२ थोडें होतें, त्या मुलांत इन्सुलिनला न जुमानण्याची प्रवृत्ति सर्वांत अधिक आढळली. हा निबंध २००८ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीं दुसरी एक तुलना पुढें आली. नऊ वर्षांच्या मुलांपैकीं ज्यांच्या आयांचें बी-१२ अगदीं खालीं होतें तीं मुलें लक्ष टिकविण्याच्या आणि आकडे उलटे म्हणून दाखविण्याच्या चाचण्यांत मागें पडलीं. सामान्य बुद्धिमत्तेच्या चाचणींत मात्र फरक दिसला नाहीं.

हें वाचून कोणी फोलिक ॲसिडची गोळी टाकून देऊं नये, ही कळकळीची विनंति. गर्भाच्या पाठीचा कणा व मेंदू यांची नळी गर्भ राहिल्यापासून सुमारे २८ दिवसांत मिटते. ती उघडी राहण्याचा भयंकर दोष फोलिक ॲसिडनें पुष्कळ अंशीं टळतो, हें १९९१ सालच्या मोठ्या प्रयोगानें निर्विवाद ठरलें आहे. प्रश्न फोलेट काढण्याचा नसून त्याला जोडीदार देण्याचा आहे. शिवाय दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणजे एक दुसरीचें कारण ठरतेच असें नाहीं. म्हैसूरच्या अशाच अभ्यासांत आईचें फोलेट अधिक असलेल्या मुलांची बुद्धि सरस दिसली आणि बी-१२ चा तसा संबंध दिसला नाहीं. बंगळूरास गर्भवतींना रोज ५० मायक्रोग्रॅम बी-१२ देऊन पाहिलें. मुलें नऊ महिन्यांचीं असतां कांहींच फरक आढळला नाहीं, अडीच वर्षांचीं झालीं तेव्हां त्यांच्या बोलण्यांत थोडा सरसपणा दिसला. पुण्याच्या मंडळींनीं मग आणखी मागें जावयाचें ठरविलें. त्या सहा खेड्यांतलीं १९९३ नंतर जन्मलेलीं मुलें-मुली आतां वयांत आलीं होतीं. २०१२ पासून त्यांनाच, लग्नाआधींपासून, रोज अवघे दोन मायक्रोग्रॅम बी-१२ देण्याचा 'प्रिया' नांवाचा प्रयोग सुरू केला. त्या मुलींचीं मुलें दोन वर्षांचीं झाल्यावर समज आणि भाषा या दोहोंत बी-१२ घेतलेल्यांचीं मुलें पुढें असल्याचें २०२१ सालीं प्रसिद्ध झालें. तपासलेल्या मुलांची संख्या लहान होती, हें सांगितलें पाहिजे. तरीही गरोदरपणाच्या सातव्या महिन्यांत येऊन आम्ही जें शोधीत होतों तें मुलीच्या सतराव्या वर्षीं शोधावयास हवें होतें, एवढें त्यांतून आम्हांला उमगलें.

घरीं हें सर्व वाचून दाखविलें तेव्हां पहिला विरोध वहिनींकडून आला. "आपल्या घरांत दुधादह्याला तोटा आहे का? दोन लिटरांचा रतीब आहे!" वनस्पति बी-१२ तयार करीत नाहींत, तें करतात जिवाणू, आणि शाकाहारी माणसाला तें मिळतें मुख्यतः दुधांतून. तेव्हां वहिनींचें म्हणणें बिनतोड होतें. परंतु आम्हांस हिशेबाची खोड आहे. नऊ माणसांत दोन लिटर, त्यांतून चहा दोन वेळांचा, आल्यागेल्याचा, नातवंडांचे पेले, आमचें रात्रींचें हळदीचें दूध, उरलें त्याचें विरजण. विरजणाचें लोणी, लोण्याचें तूप, आणि तूप हें या घराचें भूषण. पण बी-१२ पाण्यांत मिसळणारें आहे, तुपांत तें जवळजवळ नसतेंच. तें राहतें ताकांत, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यांत एका तांब्याचें ताक चार तांबे होऊन पानांवर येतें. शंभर मिलिलिटर दुधांत साधारण ०.४ मायक्रोग्रॅम धरलें, आणि गर्भवतीला रोज अडीच मायक्रोग्रॅम लागतें असें धरलें, तर तिच्या एकटीच्या वांट्यास अर्ध्या लिटराहून बरेंच अधिक दूध यावयास पाहिजे. घरच्या सुनांच्या आणि मुलींच्या वांट्यास काय येतें, असें विचारतां वहिनी थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "चहांतलें." शेवग्याचा पाला, अंबाडी, शेंगाची चटणी, कडक भाकरी हीं सर्व उत्तम, पण त्यांत बी-१२ नाहीं. मुलींना दूध आवडत नाहीं, ही सबब खरी आहे. तीं आवडूं लागण्याच्या वयांत त्यांचा पेला भावाकडे सरकविला गेला होता, हीही गोष्ट तितकीच खरी आहे.

दुसरा विरोध नेहमींचा : पूर्वीच्या बायका काय खात होत्या, त्यांना मुलें झालीं नाहींत का? हा आम्हीच काढला, आणि त्याचें उत्तर आम्हांस नकळत मिळालें.

वेलोरच्या डॉक्टरांनीं १९६२ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यक पत्रांत सहा तान्ह्या मुलांची हकीकत छापली. तीं सर्व आईच्या दुधावर वाढत होतीं आणि त्या आयांच्या रक्तांत व दुधांत बी-१२ थोडें होतें. आरंभीं मूल चांगलें असे. कांहीं महिन्यांनीं तें मलूल होई, हंसणें-खेळणें सोडी, आलेली मान धरणें वा बसणें विसरे, कातडी काळवंडे, हातपाय आपोआप हलूं लागत. बी-१२ देतांच मुलें सुधारत. हा रोग आजही शाकाहारी घरांतील अंगावर पिणाऱ्या मुलांत बालवैद्यांना अधूनमधून भेटतो. ही हकीकत आम्ही दिवाणखान्यांत वाचीत असतां आंतून वाती वळण्याचें थांबलें आणि मातोश्री दाराशीं येऊन उभ्या राहिल्या. "तेवढें पुन्हा वाच," असें त्या म्हणाल्या. आम्हीं वाचलें. "माझा दुसरा असाच होता रे. बसायला लागला होता. मग बसेना. हात थरथरायचे. दृष्ट काढली, अंगारा लावला. दहा महिन्यांचा होऊन गेला." हें १९६३ सालचें. आम्हां भावंडांना एवढेंच ठाऊक होतें कीं सहांपैकीं आम्ही चौघें उरलों; ते दोघे कशानें गेले हें त्यांनीं साठ वर्षांत कधीं सांगितलें नव्हतें. तें बाळ बी-१२ च्या उणिवेनेंच गेलें असें म्हणण्यास आज कोणताही आधार नाहीं. दहा महिन्यांचें मूल थरथरण्यास दुसरीं अनेक कारणें असतात, आणि हें आम्हीं त्यांना सांगितलें. त्यांनीं मान हलविली आणि पुतणीला विचारलें, "तुझें इंजेक्शन कधीं आहे?"

त्या दिवसापासून पुतणीच्या बाबतींत कोणास कांहीं बोलावें लागलें नाहीं. इंजेक्शनें वेळेवर झालीं. लोहाची गोळी चहापासून दोन तास दूर, लिंबाच्या सरबताबरोबर जाऊं लागली. सकाळीं व दुपारीं भांडें भरून दूध मातोश्री स्वतः पुढें बसून पाजीत. हिमोग्लोबिन साडेदहावर आलें. चैत्रांत मुलगी झाली, वजन २.८ किलो. तिसऱ्या दिवशीं तिच्या टांचेला टोंचून रक्ताचे चार थेंब टिपकागदावर घेतले. ही युक्ति अमेरिकेंतील रॉबर्ट गथ्री यांनीं १९६० नंतरच्या दशकांत रूढ केली; तींत मुख्यतः थायरॉईड पाहतात, कारण जन्मतः ती ग्रंथि मंद असणारें मूल सुमारे हजारांत एक निघतें आणि पहिल्या पंधरा दिवसांत औषध सुरू झालें तर त्याची बुद्धि वांचते. जन्मल्याबरोबर हें रक्त घेत नाहींत. त्या वेळीं तो आकडा स्वभावतःच चढलेला असतो, म्हणून दोन दिवस थांबावें लागतें. घरीं जाण्याची घाई करणाऱ्या मंडळींनीं एवढा धीर धरावा.

बारशाच्या आदल्या आठवड्यांत घरांतील तिन्ही अविवाहित मुलींचें रक्त तपासावयाचें ठरलें. एक कॉलेजांत आहे, दोघी शाळेंत. प्रयोगशाळेंतला मुलगा सकाळीं घरींच आला. तिघींचे हात झाल्यावर मातोश्रींनीं पाट पुढें ओढला आणि लुगड्याचा पदर वर सारून आपला हात पुढें केला. "आजी, तुम्हांला कशाला?" तो म्हणाला. त्या कांहीं बोलल्या नाहींत. संध्याकाळीं आकडे आले. तिघींपैकीं दोघींचें उणें होतें. मातोश्रींचें सर्वांहून कमी.